कडूपणासकट

डँडेलियन या रानोमाळ उगवणाऱ्या रोपाचं पिवळं फूल शेवटचं मिटलं की त्याचा दांडा हळूहळू कलतो आणि जमिनीला टेकतो. नवख्या माणसाला वाटतं, पाणी कमी पडलं असेल, नाहीतर कुणाचा पाय पडला असेल. तसं काही नसतं. त्या मिटलेल्या हिरव्या डोक्यात आता बी धरत असतं आणि ते पिकेपर्यंत दांडा आडवाच राहतो. चरणाऱ्या जनावराचं तोंड आणि गवत कापायच्या यंत्राचं पातं दोन्ही त्याच्या वरून जातात. आठ-दहा दिवसांनी बी तयार झालं की तोच दांडा पुन्हा उभा राहतो, आणि फूल होतं तेव्हापेक्षा बराच उंच होतो. आता त्याला वारा गाठायचा असतो.

हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा या रोपाकडे बघायची माझी नजरच पालटली. तोवर मला फक्त पिवळं फूल आणि पांढरा गोळा एवढंच ठाऊक होतं. मधल्या त्या आडव्या पडून राहण्याच्या दिवसांकडे कुणाचंच लक्ष जात नाही. आणि हळूहळू असं वाटायला लागलं की या रोपाच्या ज्या ज्या गोष्टी माणसाला खटकतात, म्हणजे खोल मूळ, कडू चीक, कुठेही उगवणं, कापलं तरी परत येणं, त्यातली एकही फुकट नाही. प्रत्येकीमागे काही काम आहे. आणि नीट हिशेब मांडला तर त्यातल्या बऱ्याच आपल्याही कामाच्या निघतात.

आधी फुलाविषयी. एक फूल तोडून पांढऱ्या कागदावर ठेवावं, भिंग घ्यावं आणि चिमट्याने एकेक पाकळी ओढून काढावी. प्रत्येक ‘पाकळी’ उपटली की कळतं, आपल्या हातात पाकळी नाही, आख्खं फूल आहे. सूर्यफुलाच्या कुळातलं हे झाड, त्यामुळे आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शंभर ते दोनशे बारक्या फुलांचा एकत्र संसार असतो. त्या प्रत्येक पुष्पकाच्या टोकाला पाच दाते दिसतात, कारण पाच पाकळ्या कडेने जुळून ती एक पट्टी झालेली असते. तळाशी एक फिकट इवलासा दाणा, म्हणजे बीजकोश. त्याच्या भोवती रेशमी केसांचं कडं, पुढे वाऱ्यावर उडणारं. मध्ये पाच पुंकेसरांचे परागकोश एकमेकांना चिकटून झालेली नळी, आणि त्या नळीतून वर येणारी केसाळ कुक्षिवृंत, म्हणजे फुलाच्या मादी भागाची काडी. ती वर येताना नळीतला पराग झाडून बाहेर आणते, मग तिचं टोक दुभंगतं आणि दोन्ही फाटे मागे गोल वळतात. हे सगळं एका नखाएवढ्या जागेत आणि एकाच दांड्यावर दीड-दोनशे वेळा. बाहेरच्या वर्तुळातली फुलं आधी उमलतात, आतली नंतर. संध्याकाळी सगळं मिटतं, ढगाळ हवेतही मिटतं. स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५१ साली फुलांच्या उमलण्या-मिटण्यावरून वेळ सांगणाऱ्या फुलांची यादी केली, तिच्यात पहाटे उमलणाऱ्यांमध्ये डँडेलियन आहे.

आता यातली खरी नवलाची गोष्ट. एवढा सरंजाम असूनही बहुतेक डँडेलियनना परागीभवनाची गरजच नसते. जगभर पसरलेली बहुतेक रोपं त्रिगुणित आहेत, म्हणजे त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, एकूण २४ गुणसूत्रं. तीन संचांची समान वाटणी होत नाही, त्यामुळे नेहमीच्या रीतीने बी धरणं अवघड. मग या रोपांनी आडवाट धरली. त्यांच्यात अंडपेशी फलनाशिवायच वाढायला लागते आणि तिचं बी होतं. त्या बीतून उगवणारं रोप आईची हुबेहूब प्रत. मध्य आणि दक्षिण युरोपात दोन संचांची, १६ गुणसूत्रांची डँडेलियनही आहेत. ती मात्र रीतसर परागीभवनावर चालतात. दोन्ही वाटा एकाच वेळी सुरू असल्यामुळे वनस्पतीशास्त्रज्ञांची मात्र धांदल उडते. प्रत्येक वंश आपापल्या बारीकसारीक फरकांसह जसाच्या तसा टिकतो, आणि त्यांच्या सूक्ष्मजाती मोजणाऱ्यांची यादी हजारांत जाते.

मग पराग कशाला? मध कशाला? ते पिवळं कशासाठी, ज्यात अतिनील प्रकाशात कडा उजळ आणि मधला भाग गडद दिसतो, म्हणजे कीटकांसाठी खास खूण केलेली असते? पूर्वजांकडून आलेली ही सगळी सामग्री त्रिगुणित रोपाने अजून टाकलेली नाही, एवढंच म्हणता येतं. पण वसंताच्या तोंडाशी, जेव्हा दुसरं फारसं फुललेलं नसतं, तेव्हा भुंगे आणि मधमाश्या या फुलांवर गर्दी करतात आणि ज्या फुलाला त्यांच्याकडून काही नको आहे त्याच्याकडून पोट भरून घेतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण हल्ली डँडेलियनची बाजू घेणारे उत्साहात ती विसरतात. या परागात काही आवश्यक अमिनो आम्लं कमी पडतात आणि नुसत्या त्याच्यावर मधमाश्यांची पिल्लावळ नीट पोसली जात नाही. त्यांना सोबतीला इतर फुलं लागतातच. डँडेलियन राखलं की मधमाश्यांचं सगळं भागलं, असं नाही.

बियांच्या उडण्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटपणार होते, पण एक गोष्ट राहवत नाही. एका म्हातारीचं, म्हणजे केसांच्या चक्रासकट उडणाऱ्या बीचं, वजन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. वरच्या केसांच्या चक्रात साधारण शंभर केस, आणि त्या चक्राची ९० टक्क्यांहून जास्त जागा चक्क रिकामी. इतक्या विरळ चक्राने बी हवेत तरतं कसं, याचं उत्तर २०१८ साली एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधलं. त्यांनी उभ्या वायुबोगद्यात बी तरंगत ठेवलं, धूर सोडला आणि लेझरच्या उजेडात पाहिलं. केसांच्या फटींतून वर जाणारी हवा चक्राच्या थोडी वर एक भोवरा धरते, बांगडीच्या आकाराचा, चक्राला न चिकटता त्याच्या डोक्यावर स्थिर राहणारा. असा सुटा आणि तरीही स्थिर राहणारा भोवरा त्याआधी कुणी पाहिला नव्हता. तो बीला वर धरून ठेवतो. हे फटींचं प्रमाण जरा इकडेतिकडे झालं तर भोवरा डळमळतो. म्हणजे त्या चक्रातली रिकामी जागाही केसांइतकीच मोलाची. हवा दमट झाली की केसांच्या बुडाचा भाग पाणी पिऊन फुगतो आणि चक्र मिटतं, कोरडी झाली की उघडतं. बी मैलोगणती उडतं असं सर्रास सांगितलं जातं, पण बहुतेक बिया आईपासून काही मीटरच्या आतच पडतात. थोड्याच खरोखर दूर जातात. पण जी प्रत्येक बी स्वतःच्या बळावर आख्खी वसाहत उभी करू शकते, तिच्या बाबतीत थोड्याही पुरतात.

मूळ हा मात्र सवडीने बोलायचा विषय. पानांचा चपटा झुबका जमिनीसरशी असतो आणि त्याच्या मध्यातून सोटमूळ सरळ खाली जातं, सहज वीत-दीड वीत, भुसभुशीत जमिनीत त्याहून खोल. खुरपं घेऊन उपटायला बसलेल्या प्रत्येकाला तो आवाज ओळखीचा असतो: कट्. मूळ मध्येच तुटलेलं असतं आणि खाली राहिलेल्या तुकड्यातून काही दिवसांत एकाऐवजी दोन-तीन झुबके वर येतात. यात आणखी एक कारागिरी आहे. या मुळात आकसण्याची ताकद असते. वाढता वाढता ते आखूड होत जातं आणि रोपाचं शिर, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीत खाली ओढून घेतं. त्यामुळे वाढतं टोक पायाखाली, दाताखाली, पात्याखाली येत नाही. पानं गेली तर गेली, ती पुन्हा येतात.

दांडा किंवा मूळ कुठेही मोडा, पांढरा चीक येतो. क्षणात बोटाला चिकटतो आणि थोड्या वेळाने त्याचा तपकिरी डाग पडतो. जिभेला लावला तर कडूजहर. चिकाचं प्रमाण मुळात सगळ्यात जास्त, आणि त्याचं कारण मातीतच आहे. मातीत हुमणी असते. जमिनीखाली राहून मुळं कुरतडणारी ती जाड पांढरी अळी, शेतकऱ्याला जिचं नाव काढलं तरी नको वाटतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डँडेलियनच्या चिकातल्या कडू द्रव्यांपैकी नेमक्या एका द्रव्यावर बोट ठेवता आलं. ते द्रव्य जास्त असलेली मुळं हुमणी कमी खाते, आणि जिथे हुमणीचा उपद्रव जास्त तिथल्या डँडेलियनमध्ये त्या द्रव्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे आपण ज्याला नुसता ‘कडूपणा’ म्हणून तोंड वाकडं करतो तो मातीच्या अंधारात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या झुंजीत घडलेला आहे.

हा कडूपणा खायचा कसा, हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. पानं घ्यायची ती फूल येण्याआधी, झुबक्याच्या मधली, कोवळी. तेव्हा ती कडसर असतात पण कच्ची खाता येतात. फूल आलं की पानं चिवट होतात आणि कडू वाढतं. मग ती मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं ठेवायची, निथळायची आणि तेल-लसणावर परतायची. कडूपणाला आंबट, खारट आणि स्निग्ध असं काही भेटलं की तो जिभेवर अडून बसत नाही, पुढे सरकतो. काही जण रोपावर कुंडी उपडी घालून आठवडाभर उजेड तोडतात. पानं पिवळट-पांढरी, नाजूक होतात आणि कडू बरंच उतरतं. फ्रान्समध्ये तर याची रुंद पानांची वाणंही तयार केलेली आहेत. मला स्वतःला ती फिकट पानं भावत नाहीत. उजेड तोडून कडूपणा घालवला की उरतं ते कुठल्याही पाल्यासारखं, आणि त्यापेक्षा सरळ लेट्यूस आणावं.

लेट्यूस म्हणजे डँडेलियनचं जवळचं नातलग. एकाच कुळाच्या एकाच शाखेतलं. त्याचा देठ मोडला तरी पांढरा चीक येतो. माणसाने हजारो वर्षं निवड करत करत त्याचा कडूपणा, काटे आणि चीक कमी केला, आणि त्याला गोडसर, पाणीदार, आज्ञाधारक भाजी केलं. डँडेलियन मात्र तसंच राहिलं. पौष्टिकतेच्या तक्त्यात दोघांना शेजारी ठेवलं तर तफावत दिसते. डँडेलियनच्या १०० ग्रॅम कच्च्या पानांत साधारण १८७ मिलिग्रॅम कॅल्शियम, ३ मिलिग्रॅम लोह, ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ‘के’ जीवनसत्त्व पावणेआठशे मायक्रोग्रॅमच्या घरात, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट. पाणीदार लेट्यूस यातल्या कशातच त्याच्या जवळ येत नाही.

मुळांचा बेत शरद ऋतूतला. तेव्हा मुळात इन्युलिन नावाचं कर्बोदक साठलेलं असतं, थंडीच्या बेगमीचं. मुळं खणायची, मातीचा कण राहणार नाही इतकी धुवायची, बारीक चिरून वाळवायची आणि मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत भाजायची. त्या भाजण्यात साखर जळते, कडूपणाला खमंगपणा येतो आणि दळून उकळलं की कॉफीच्या वळणाचं पेय होतं. कॅफिन त्यात नाही. कॉफीची हौस भागेल म्हणून कुणी केलं तर निराश होईल. त्याला त्याची स्वतःची चव आहे, मातकट आणि भरीव, आणि ती तशीच घ्यावी. पिवळी पुष्पकं पिठात घोळून तळतात, त्यांचा पाकही करतात. हिरवा भाग मात्र तेव्हा काढून टाकायचा, नाहीतर सगळा पाक कडू.

ओळख नीट पटवून घ्यावी. डँडेलियनच्या एका दांड्यावर एकच फूल, दांडा पोकळ, त्याला पान नाही, फाटा नाही. पानं जवळपास गुळगुळीत, दाते मागे वळलेले. दांड्याला फाटे फुटलेले दिसले किंवा पानं लवदार असली की ते दुसरं काहीतरी आहे. रस्त्याच्या कडेचं आणि फवारलेल्या जागेचं खाऊ नये. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी एवढं ‘के’ जीवनसत्त्व एकदम पोटात घालू नये, पित्ताशयात खडे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये, आणि सूर्यफुलाच्या कुळाची ॲलर्जी असलेल्यांनी लांब राहावं. औषध म्हणून लघवी साफ होण्यासाठी आणि पचनासाठी याचा वापर जुना आहे. त्यापलीकडचे, मोठमोठे आजार बरे करण्याचे जे दावे फिरतात, त्यांचा मला मनापासून राग येतो. या रोपाला खोट्या मोठेपणाची गरज नाही.

याला तण कुणी ठरवलं? माझं उत्तर आहे, लॉनने. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं आणि एकसारखं कापलेलं गवत मेंढ्या आणि विळेवाले बाळगणाऱ्या धनिकांपुरतं राहिलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर २,४-डी नावाचं तणनाशक बाजारात आलं. ते रुंद पानांची झाडं मारतं आणि गवत सोडतं. त्याने क्लोव्हर हे तिपानी रोपही मरायचं, जे तोवर लॉनच्या बियाण्यात मुद्दाम मिसळलं जायचं. औषधाने जे मेलं ते सगळं तण ठरलं, आणि त्यात हे पिवळं फूल सगळ्यांत उठून दिसणारं. या उलट्या तर्काने एका खाण्याच्या, औषधाच्या रोपाला शत्रू केलं याचं मला वाईट वाटतं. आणि हे रोप तरी कुठे ऐकतं? जिथे सतत कापणी होते तिथली डँडेलियन जमिनीसरशी चपटी वाढतात आणि आखूड दांड्यावरच फुलून घेतात. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या मिशिगनमधल्या अभ्यासात दिसलं की तुडवल्या-कापल्या जाणाऱ्या जागी एक वंश जोर धरतो, लवकर आणि जास्त बी देणारा, तर शांत जागी दुसराच.

आणि मग चिकाची दुसरी गोष्ट, जी समजल्यावर मी बराच काळ अस्वस्थ होते. कझाकस्तानातल्या तिएनशान डोंगररांगांत डँडेलियनची एक बहीण आहे, कोक-सागीझ. तिच्या मुळातल्या चिकात चांगल्या प्रतीचं रबर असतं. रबराच्या बाबतीत परावलंबी असलेल्या सोव्हिएत संघाला १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सापडली आणि तिची शेती सुरू झाली. १९४२ मध्ये जपानने आग्नेय आशिया घेतला, रबराच्या झाडांचे मळे हातचे गेले आणि अमेरिकेनेही तिची लागवड करून पाहिली. जर्मनीने हे काम ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत आणलं. मुख्य छावणीजवळच्या रायस्को या गावी कोक-सागीझच्या संशोधनाचं केंद्र होतं आणि तिथे कैदी स्त्रिया राबत होत्या, त्यात वनस्पतीशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेल्या बायकाही होत्या. भिंगाखाली बी निवडायचं, मुळं तपासायची, आणि पलीकडे काय चाललंय ते ठाऊक असायचं. त्या कामावर असल्यामुळे काहीजणी वाचल्या. मुळाच्या चिकाइतक्या निरागस गोष्टीशी हा इतिहास जोडलेला आहे आणि तो वगळून या रोपाचं कौतुक करणं मला बरं वाटत नाही.

युद्ध संपलं, मळ्यांतलं रबर परत आलं, कृत्रिम रबर स्वस्त झालं आणि कोक-सागीझ विसरली गेली. अलीकडे तिची पुन्हा आठवण झाली, कारण जगाचं नैसर्गिक रबर जवळपास एकाच जातीच्या झाडांवर आणि मुख्यतः एकाच भूभागावर अवलंबून आहे आणि दक्षिण अमेरिकेत त्या झाडाला ग्रासणारा पानांचा करपा सगळ्यांना ठाऊक आहे. जर्मनीत कॉन्टिनेन्टल कंपनीने संशोधकांसोबत काम करून २०१८ मध्ये आंकलाम इथे प्रयोगशाळा उघडली आणि पुढच्या वर्षी डँडेलियनच्या रबराचा सायकलचा टायर बाजारात आणला. थंड हवामानातल्या शेतात, एका हंगामात, रबर. मोठ्या प्रमाणावर हे परवडेल का, ते पुढे कळेलच, पण वाट मोकळी झाली आहे.

लेट्यूसकडे मला परत यायचंच होतं. परागाशिवाय बी धरण्यामागे डँडेलियनमध्ये जे जनुक आहे ते २०२२ च्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह वेगळं काढून दाखवलं. अंडपेशीला फलनाशिवाय विभागायला लावणारं जनुक. मग त्यांनी ते लेट्यूसमध्ये कामाला लावून पाहिलं, आणि लेट्यूसच्या अंडपेशीही परागाची वाट न पाहता विभागायला लागल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. संकरित वाणाचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, कारण घरचं बी पेरलं की पुढच्या पिढीत गुण फुटतात. हे तंत्र पूर्ण जमलं तर संकरित रोपाचं घरचं बी पेरूनही पीक तसंच्या तसं येईल. त्याला आणखी टप्पे आहेत, एका जनुकाने ते होत नाही. पण हजारो वर्षं माणसाच्या हाताखाली वाढलेल्या लेट्यूसला जे येत नव्हतं, ते लॉनवरून हाकललेल्या त्याच्या कडू नातलगाकडून उसनं घ्यावं लागलं.

या वसंतातही मी मधली कोवळी पानं खुडून घेतली, सगळी नाही, झुबक्यातली तीन-चारच. बोटांना चीक लागला. लिंबू, मीठ, थोडं तेल, आणि कुंडी उपडी न घालता.